डचेस पुन्हा बांधताना

डनमोरच्या धान्य-कोठारांवर होलिस ब्रँट एकतीस वर्षं मेकॅनिक होता. दाणे वर चढवणारे पट्टे, मोटारी, गिअर, पंखे, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. गावात कुणाचं काही बिघडलं की लोक म्हणत, होलिसला विचारा. होलिस विचारायची वाटही बघत नसे. रस्त्यापलीकडे कुणी पाना उलटा धरलेला दिसला तरी हातातली कॉफी ठेवून तिकडे चालू लागायचा. त्याची बायको नोरीन म्हणायची, "या माणसाला स्वर्गात पाठवलं तर आधी दाराच्या बिजागऱ्या तपासेल, मग आत जाईल."

रॉकेटचा नाद त्याला पंचेचाळिशीत लागला आणि त्याच नादात ओडेल प्रुइट भेटला. ओडेल टेलिफोनच्या तारांवरचा माणूस. उभा जन्म खांबांवर चढून तारा जोडण्यात गेलेला. बोलायचा कमी, पण त्यानं जोडलेली तार गारपिटीतही हलत नसे. दोघांनी मिळून तीन वर्षांत एक मोठं रॉकेट बांधलं: बारा फूट उंच, मांडीएवढं जाड, मोटरसकट ऐंशी पौंडांचं, दोन मैल वर जाणारं. ओडेलच्या आजीकडे डचेस नावाची एक हट्टी खेचरी होती. तिचंच नाव ठेवलं, कारण हीसुद्धा पहिल्या दिवशी तीनदा पेटवूनही हलली नव्हती. चौथ्यांदा हलली आणि मग लागोपाठ अकरा वेळा वर जाऊन दोन छत्र्यांनी शहाण्यासारखी खाली आली.

कामाची वाटणी ठरलेली होती. सांगाडा, पंख आणि मोटर होलिसची. तारा, छत्र्या आणि छत्री बाहेर ढकलायला लागणारी चिमूटभर बंदुकीची दारू ओडेलची. रॉकेटच्या पोटात उंची मोजणारी दोन छोटी यंत्रं असत. रॉकेट वर पोचून खाली वळलं की ती दारू पेटवायची. एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून दोन. ती चालू करायची मात्र अगदी शेवटी, रॉकेट उभं केल्यावर. शिडीवर चढायचं, अंगावरच्या दोन भोकांतून स्क्रूड्रायव्हर घालायचा, आतले दोन स्क्रू घट्ट फिरवायचे, तेच यंत्रांचे स्विच. मग आतून बारीक आवाज येतो, तीन टिकटिक आणि थांबा, तीन टिकटिक आणि थांबा. तो ऐकला की खाली उतरायचं. हे काम होलिसचं. शेवटच्या क्षणी रॉकेटपाशी एकच माणूस असायचा आणि तो नेहमी होलिस असायचा.

ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार होता. लॉयल श्राग यांच्या कापून झालेल्या गव्हाच्या रानात रॉकेट क्लबचे चाळीसेक लोक जमले होते. श्राग म्हातारबुवांचं ते रान क्लबला चौदा वर्षं मोकळं होतं, आणि चौदा वर्षं त्यांची बायको आर्डिस पिकअपमध्ये बसून पाई नावाचा भाजलेला गोड पदार्थ विकायची, अक्रोडाचा आणि आंबट चेरीचा. वारा होता, पण नियमाच्या आतला. डचेस ठरल्याप्रमाणे उठली, गरजत गेली, वाऱ्याकडे तोंड करत कलली आणि कमान घेऊन माणसांच्या डोक्यावर आली. मोटर विझली. सगळे माना वर करून छत्रीची वाट बघत राहिले.

छत्री आली नाही.

सुरक्षेचं काम बघणारी ट्वायला रीस माइकवर होती. तिचा आवाज शांत होता. "सगळे उभे राहा. वर बघा. कुणी पळू नका, आधी ती कुठे येतेय ते बघा." न उघडलेलं रॉकेट खाली येताना शीळ घालतं. ती शीळ आधी बारीक होती, मग अंगावर आल्यासारखी झाली, आणि धाडकन एक आवाज होऊन सगळं थांबलं.

डचेस श्रागांच्या पिकअपच्या टपातून आत शिरली होती. टप, बाजूची सीट, खालचा पत्रा फोडून तिचं नाक जमिनीत रुतलं होतं आणि पंख टपावर उभे होते. त्या सीटवर आर्डिस सकाळपासून बसलेली. विचिटाहून आलेल्या एका दातांच्या डॉक्टरला चेरीच्या पाईचा तुकडा द्यायला ती तीन-चार मिनिटांपूर्वी उतरली होती. अजून त्याच्याशेजारी उभी होती, हातात कागदी ताटली.

ती म्हणाली, "माझं विणकाम आत आहे."

लॉयल श्राग चालत आले, पिकअपभोवती एक फेरी मारली, दाराला हात लावून बघितला. मग होलिसकडे न बघता म्हणाले, "सामान आवरा." तासाभरात रान रिकामं झालं आणि संध्याकाळपर्यंत फाटकाला साखळी लागली.

आठवड्याने क्लबची बैठक झाली, सोसायटीच्या दुकानामागच्या खोलीत. यंत्रांचा तर चुरा झाला होता, त्यांतून काही वाचता येण्यासारखं नव्हतं. ट्वायलाने विचारलं, "होलिस, उड्डाणाच्या पॅडवर काय झालं ते नीट सांगा."

"काय व्हायचंय? स्विच लावले. टिकटिक ऐकली. खाली आलो."

"दोन्ही?"

"ट्वायला, तुला हे काम मी शिकवलंय."

तिने क्लबच्या वहीत मान घातली. तिच्यासारखंच त्या खोलीतल्या अर्ध्या लोकांना होलिसनेच शिकवलं होतं. मग सगळ्यांची नजर आपोआप ओडेलकडे गेली. तो कोपऱ्यात टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

"माझ्या तारा अकरा वेळा चालल्या," ओडेल म्हणाला.

"बाराव्यांदा नाही चालल्या," होलिस म्हणाला.

त्याला ते इतकं तिखट बोलायचं नव्हतं. पण आठवडाभर डोळ्यांपुढून ती सीट हलत नव्हती आणि शब्द निघून गेला. ओडेलने टोपी डोक्यावर ठेवली, खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि बाहेर पडला. वहीत लिहिलं गेलं: संभाव्य कारण, तारांची जोडणी.

होलिसला मोडकी वस्तू बघवत नसे. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाल्यावर त्याने डचेसचे अवशेष गॅरेजमध्ये टेबलावर मांडले. पुढचे पाच फूट चुरगळलेल्या कागदासारखे झाले होते, पण मागचा भाग शाबूत होता. पंखांवर नुसते ओरखडे. जिथपर्यंत नळीच्या फायबरला तडा नव्हता तिथे त्याने पेन्सिलने गोल रेघ मारली आणि बारीक दातांच्या करवतीने हळूहळू कापत नेलं. नवी नळी आणली. दोन्ही तुकड्यांच्या आत बसेल असा जोड घासून घासून तयार केला, इपॉक्सीचा गोंद लावला, शेजारी हीटर ठेवला. कामात तो बरा असायचा. काम संपलं की नोरीन जेवताना विचारायची, "ओडेलला फोन का करत नाहीस?"

"तो करेल."

"तुम्ही दोघं म्हणजे त्या खेचरीची सख्खी भावंडं आहात."

जानेवारीत तो मधल्या डब्याकडे वळला. यंत्रं बसवलेला तो डबा मातीने गच्च भरून वाळून दगड झाला होता आणि इतके दिवस बादलीत पडून होता. डब्याच्या कडा परत वापरता येतील असं त्याला वाटलं. छोट्या छिन्नीने तो माती कोरत गेला. बॅटऱ्या निघाल्या, चेपलेल्या. तारांचे तुकडे निघाले. ओडेलचे जोड जिथे होते तिथेच होते, एकही सुटलेला नव्हता. मग दोन स्विच निघाले.

दोन्ही स्क्रू बाहेर होते.

त्याने चष्मा पुसला आणि डबा दिव्याखाली धरला. घट्ट केलेल्या स्क्रूचं डोकं खाली टेकलेलं असतं. ही दोन्ही डोकी तीन आटे वर होती आणि त्यांच्याखाली श्रागांच्या रानातली माती घट्ट दाबून बसली होती. आपटून आटे फिरत नसतात. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? जमिनीत शिरली तेव्हा डचेस झोपलेलीच होती. तिला कुणी उठवलंच नव्हतं.

तो स्टुलावर बसला. मग त्याला तो शनिवार आठवू लागला, एकेक पायरी करून. तो शिडीवर होता, हातात स्क्रूड्रायव्हर. शेजारच्या पॅडवर तो दातांचा डॉक्टर आपलं पहिलंच मोठं रॉकेट घेऊन चाचपडत होता. होलिसला राहवलं नाही. "डॉक्टर, अहो, दाढ काढताय का? अलगद. आधी वरचा लावा, मग खालचा." तो वाकून बोलत राहिला. डॉक्टरने लावले. टिकटिक सुरू झाली, तीन आणि थांबा. होलिसने ती ऐकली, समाधानाने मान हलवली आणि शिडी उतरला.

ती टिकटिक डॉक्टरच्या रॉकेटची होती.

त्यानंतर त्याने जे केलं त्याचं त्याला स्वतःलाच पुढे कित्येक दिवस नवल वाटत राहिलं. त्याने नोरीनच्या शिवणाच्या डब्यातून सुई आणली. एका स्क्रूच्या डोक्याखालची माती टोकरून काढली, फुंकर मारली, मग दुसऱ्याची. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दोन्ही स्क्रू घट्ट बसवले. डबा फडक्यात गुंडाळून खणात ठेवला. पुरावा म्हणावा असं आता जगात काही उरलं नव्हतं.

काम पुढे चालू राहिलं, पण हात बिघडला. नळीचा जोड एका बाजूला केसभर कलला. तो कापून पुन्हा करावा लागला. इपॉक्सी कालवताना माप चुकलं आणि ते चिकटच राहिलं. रंग देताना ओघळ आले. सोसायटीच्या दुकानात कुणी म्हटलं, "ओडेलनं घात केला बघा तुमचा," तर तो "असू दे" म्हणून खिळे निवडत राहायचा. त्या 'असू दे'मुळे लोकांना तो मोठ्या मनाचा वाटायचा. एकाने तर पाठीवर थापही मारली.

मार्चच्या सुरुवातीला नोरीन चर्चमधून आली ती सरळ गॅरेजमध्ये. कोटही काढला नव्हता.

"जो एलेन भेटली," ती म्हणाली. जो एलेन ओडेलची बायको. "ओडेल डोळे तपासून आला. हातही. मेंदूचा फोटो काढून आला. सगळं ठीक आहे म्हणतात, पण त्याचा विश्वास बसत नाही. चर्चचा माइक बिघडला तर दुसऱ्या कुणाला बोलवा म्हणाला. म्हणतो, माझ्या हातानं आर्डिस मेली असती. हत्यारांची पेटी पुतण्याला देऊन टाकली त्यानं, होलिस."

होलिस सँडपेपर घासत होता. घासायचा थांबला. मग खण उघडून फडकं काढलं आणि टेबलावर सोडलं.

"त्याच्या तारा ठीक होत्या," तो म्हणाला. "स्विच मी लावलेच नव्हते."

नोरीनने डब्याकडे बघितलं. "पण हे तर लावलेले आहेत."

"ते मी नंतर लावले."

"कधी?"

"जानेवारीत. वीस तारखेला."

"आणि रोज माझ्यासमोर बसून जेवलास." ती एवढंच बोलली आणि कोटाची बटणं लावून पुन्हा बाहेर पडली. तिच्या गाडीचा आवाज दूर जाईपर्यंत तो उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओडेलकडे गेला. धुळीचा वारा सुटला होता. ओडेलने जाळीचं दार उघडलं नाही, आत उभा राहूनच ऐकलं. होलिसने सगळं सांगितलं. डॉक्टर, टिकटिक, माती, सुई. काही गाळलं नाही.

ओडेलने विचारलं, "बैठकीत तुला माहीत होतं?"

"नाही. देवाशपथ नाही. तेव्हा मला खरंच वाटत होतं की मी लावले."

"आणि जानेवारीपासून?"

होलिसने मान हलवली, हो म्हणून.

"चार महिने मी माझ्या हातांकडे चोरासारखा बघतोय," ओडेल हळू आवाजात म्हणाला. "सकाळी कॉफी ओतताना बघतो, कापतात का. बटण लावताना बघतो. छत्तीस वर्षं वादळात खांबावर चढलो, कधी भीती वाटली नाही. आता दिव्याचा बल्ब बदलायला जो एलेनला हाक मारतो. पहिले अडीच महिने तुझी चूक होती. ती होते माणसाच्या हातून. पुढचे दीड महिने तू मला दिलेस, होलिस. जाणूनबुजून दिलेस."

"मी क्लबला सांगतोय. आजच."

"सांग की. मला कशाला विचारतोस?" आणि त्याने आतलं लाकडी दार लावून घेतलं.

क्लबची बैठक ट्वायलाने दोन दिवसांत बोलावली. होलिस उभं राहून बोलला, कारण बसून बोलवेना. ज्यांना त्याने शिकवलं होतं ती माणसं जमिनीकडे बघत होती. त्यांनी ओरडायला हवं होतं, असं त्याला वाटलं. ट्वायलाने शेवटी विचारलं, "तुम्हाला ते स्क्रू दाखवायचे नव्हते तर तुम्ही तो डबा फेकून का नाही दिलात?"

"माहीत नाही."

"आठ महिने तुम्ही काही उडवायचं नाही. नंतरही पॅडवर दोघं जायचं, आणि स्विच तुम्ही लावायचे नाहीत. हा नियम आता सगळ्यांनाच राहील." मग वही पुढे ओढून तिने जुनी ओळ खोडली. नवी ओळ लिहिताना तिचं पेन दोनदा थांबलं.

राहिले श्राग. लॉयल म्हातारबुवांनी त्याला ओसरीवरच ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रानाचं मी ठरवीन. बाकीचं तिला सांग." आर्डिस स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. ती आधीपेक्षा वाळलेली दिसली.

"तुम्ही माझ्यामुळे..." होलिसने सुरुवात केली.

"बस," ती म्हणाली. "उभा राहून बोलू नकोस, मान दुखते माझी." तो बसला, तिने सगळं ऐकलं आणि हातातला बटाटा सोलून संपवला. "खरं सांगितलंस ते बरं केलंस. ओडेलवर मी चिडले होते, आता ते सोडून देईन. पण केटलीची शिट्टी झाली तरी मी टेबलाखाली बघते, होलिस. इतकी वर्षं त्या लोकांसाठी पाई भाजल्या, मला आवडायचं ते. आता मी तिकडे येणार नाही. हे कुणी बरं करू शकेल असं मला वाटत नाही, म्हणून तू प्रयत्न करू नकोस."

त्याच्या आयुष्यात, दुरुस्ती करू नकोस असं त्याला कुणी पहिल्यांदाच सांगितलं होतं. तो निघाला तेव्हा लॉयलनी फाटकापाशी गाठलं. उत्तरेकडचं रान देईन म्हणाले, पण गाड्या आणि माणसं अर्धा मैल लांब.

उन्हाळा गेला. डचेसला नवं नाक बसलं, नवी नळी बसली. नवी यंत्रं आणून होलिसने तारा स्वतःच जोडल्या, कारण कुणाला विचारायचं धाडस नव्हतं. ऑगस्टमधल्या एका दुपारी गॅरेजच्या दारात सावली पडली. ओडेल होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्याने सरळ मधला डबा उचलला, झाकण काढलं, आत बघितलं.

"हे तू केलंस?"

"हो."

"आंधळ्या कोंबडीनं घरटं बांधलंय काय?" त्याने एक तार बोटाने ओढली. ती सुटून हातात आली. "ही वर गेली असती तर या वेळी चर्चवरच पडली असती."

होलिसला हसू आलं, पण ओडेल हसत नव्हता. त्याने खिशातून नवा कटर काढला, जुनी पेटी गेलेलीच होती, आणि सगळ्या तारा उपटून काढल्या.

"एक लक्षात ठेव," तो म्हणाला, "हे मी तुझ्यासाठी करत नाहीये. माझ्या तारा अकरा वेळा चालल्यात. मला एकदा आणखी बघायचंय."

तीन दुपारी तो आला. होलिस दिवा धरून उभा राहायचा. पहिल्या जोडाला ओडेलने इतका वेळ घेतला की होलिसचा हात भरून आला. सोल्डर थंड झाल्यावर ओडेल तो जोड उलटसुलट करून बघत बसला, मग दुसरा केला, मग पुढचे भराभर केले. नोरीनने सरबत आणलं तर तिच्याशी दोन शब्द बोलला. होलिसशी कामापुरतंच: "वर धर." "डावीकडे." "श्वास सोडू नकोस त्यावर."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी उत्तरेकडच्या रानात डचेस उभी राहिली. ओडेल आणि ट्वायला पॅडवर गेले. होलिस अर्धा मैल लांब, दोरीच्या मागे, सगळ्यांबरोबर उभा होता. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. पाई विकायला कुणी नव्हतं. कुणीतरी दुकानातले डोनट आणले होते, ते तसेच पडले होते. माइकवरून त्याला ऐकू आलं, ओडेल म्हणाला, "पहिला चालू," ट्वायला म्हणाली, "पहिला ऐकला." "दुसरा चालू." "दुसरा ऐकला."

दोघं दोरीपाशी परतल्यावर डचेस उठली. तिचा आवाज छातीत घुमला आणि विरत गेला. वर ती टाचणीएवढी झाली, वळली, आणि खाली येऊ लागली. होलिसने डोळे मिटले. लोक टाळ्या वाजवायला लागले तेव्हाच उघडले. लहान छत्री उघडली होती. मग मोठीही उघडली, केशरी, वाऱ्याने पूर्वेकडे वाहत चाललेली.

त्याने वळून ओडेलला शोधलं. ओडेल पॅडकडून परत आला होता आणि आपल्या गाडीपाशी उभा राहून वर बघत होता. छत्री टेकेपर्यंत त्याने बघितलं. मग स्वतःचा उजवा हात एकदा उघडला, मिटला, आणि गाडीत बसला. होलिस तिकडे जाईपर्यंत गाडी रस्त्याला लागली होती.

ट्वायला जवळ आली. "तिला आणायला मी येऊ का बरोबर? दोघं असलेलं बरं."

"नको," होलिस म्हणाला, "तू इथे बघ. पुढचं कुणाचं आहे?"

तो एकटाच खुंटांतून चालत गेला. डचेस दीड मैलांवर, कुंपणापलीकडे आडवी पडली होती. एका पंखाला बारीक चीर गेली होती. मोठी छत्री तारेत अडकली होती, ती सोडवायला वेळ लागला. तिचं वजन त्याला एका खेपेत उचलवेना. त्याने तिला मधोमध सोडवून दोन तुकडे केले, पुढचा तुकडा खांद्यावर घेतला आणि मागचा परत येऊन न्यायचा म्हणून कुंपणाला टेकवून ठेवला.